तिसरे मूल आणि तिसरी बोअर

यंदाची दिवाळी निवडणुकांच्या तोंडावर आली आहे. पारोळ्यापासून साक्रीपर्यंत इच्छुक मंडळी कागदपत्रे जमवताहेत. त्यांत एक प्रतिज्ञापत्र असते: अपत्ये किती आणि कधी जन्मली. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरे मूल झाले असेल तर महाराष्ट्रात ग्रामपंचायतीचे सदस्य होता येत नाही. निवडून आलात तरी कोणी तक्रार केली की पद गेलेच. इकडे यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात एकाच शेतात तिसरी बोअर मारली, ती कोरडी निघाली म्हणून चौथी मारली, तरी कोणाचे पद जात नाही. पैसे जातात तेवढे शेतकऱ्याचे. खरे तर 2009 च्या भूजल कायद्याने 60 मीटरहून खोल विहिरींवर बंधने घातली आहेत. रात्री शिवारात घरघरणाऱ्या बोअरच्या गाडीला मात्र त्याचा पत्ता नसतो.

यंदाच्या दिवाळी अंकाचा विषय या विसंगतीतून ठरला. निसर्ग वाचवायचा तर मुले कमी हवीत, हे वाक्य हल्ली सुशिक्षित घरांत सहज ऐकू येते, आणि त्यामागे अभ्यासही आहे. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी 2017 मध्ये हिशेब मांडला की श्रीमंत देशात एक मूल कमी झाले तर वर्षाला 58.6 टन कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन वाचते. गाडी सोडा, विमान सोडा, मांसाहार सोडा. यांतले काहीच त्याच्या जवळपास जात नाही. पण या हिशेबात नातवंडांचा, पतवंडांचाही धूर आजच्या आईबापाच्या नावावर मांडलेला आहे, आणि तो श्रीमंत देशांचा हिशेब आहे. अमेरिकेत माणशी वर्षाला सुमारे 14 टन कार्बन डायऑक्साइड निघतो, भारतात सुमारे 2 टन. हा 2 टनही सरासरीचा आकडा. सातपुड्याच्या पायथ्याचे पावरा आदिवासी कुटुंब पाच लेकरांसह ऊसतोडीला गुजरातेत जाते. शहरातल्या बंगल्यात एकुलत्या एका मुलासाठी दोन गाड्या आणि तीन एसी असतात. ‘लोकसंख्या फार झाली’ म्हणताना बोट मात्र नेहमी पायथ्याकडेच जाते.

माणसांची संख्या गौण आहे, असे आमचे म्हणणे नाही. आजोबांच्या वीस एकराचे तीन पिढ्यांत किती तुकडे झाले, हे खान्देशातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. पण संख्येचे काम बरेचसे होऊन गेले आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा जननदर 1.7 निघाला, म्हणजे लोकसंख्या स्थिर राहायला लागणाऱ्या 2.1 च्या खाली. कुटुंबे लहान झाली म्हणून तापीकाठचे भूजल वर आले का? उलट ते खालीच गेले. कारण पाणी पाळण्यातल्या पोराने प्यायले नाही, पिकांनी आणि पंपांनी उपसले.

आणि कुटुंब लहान झाले ते कोणाच्या जिवावर? जळगाव जिल्ह्यात 2001 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 880 मुली होत्या. 2011 मध्ये 842. लहान कुटुंबाचा धडा आपण गिरवला, फक्त त्याला एक पुरवणी जोडली: दोनच हवीत, पण एक आंडोर, म्हणजे मुलगा, पाहिजेच. दोन जागा आणि त्यातली एक राखीव, असे गणित झाल्यावर सोनोग्राफीचे यंत्र काय करणार ते उघड होते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशात पहिला कायदा 1988 मध्ये महाराष्ट्रानेच केला, तरी ही अवस्था. आज गावोगाव पस्तिशी ओलांडलेली, शेतीवाडी असलेली पोरे लग्नाची थांबली आहेत. मध्यस्थ परप्रांतातून नवरी आणून देतो, पैसे मोजून घेतो, आणि चार दिवसांनी नवरीही नाही अन् मध्यस्थही नाही. ही फसवणूक वर्तमानपत्रात आतल्या पानावर येते, लोक हसतात. त्या हसण्यामागे न जन्मलेल्या मुलींचा आकडा आहे.

ज्या जन्मल्या, त्यांचे काय? हिवाळ्यात तालुक्याच्या रुग्णालयात कुटुंबनियोजनाचे शिबिर लागते. बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेनंतर बायका ओळीने गाद्यांवर निजलेल्या असतात, कपाळापर्यंत गोधडी ओढून. सासू दाराशी तान्ह्याला खांद्यावर घेऊन येरझारा घालते. नवरा बाहेर चहाच्या टपरीवर. त्याच्यावर करायची शस्त्रक्रिया अधिक सोपी आणि कमी धोक्याची असते, पण राज्यात जवळपास निम्म्या विवाहित बायकांचे ऑपरेशन झालेले असताना पुरुषांचे प्रमाण शंभरात एकही भरत नाही. पर्यावरणासाठी त्याग वगैरे बोलणाऱ्यांनी एकदा या शिबिरात जाऊन यावे.

मराठीत कुटुंब लहान ठेवण्याचा विचार सुरू झाला तेव्हा तो असा नव्हता. र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचे काम सुरू केले. 1927 पासून 1953 मध्ये मृत्यू येईपर्यंत खटले सोसत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. बाईच्या शरीरावर बाईचा हक्क, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. 1938 मध्ये डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला, तो फेटाळला गेला. चाळीस वर्षेही झाली नाहीत तोच पारडे फिरले: 1976 मध्ये, आणीबाणीत, याच राज्याच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून आपण वाचलो. आणि 2024 च्या डिसेंबरात नागपुरात सरसंघचालक मोहन भागवत यांनी तीन मुलांचा सल्ला दिला. कमी हवीत, जास्त हवीत. सांगणारे बदलतात, बाळंतपण मात्र बाईचेच.

सक्तीचे तत्त्वज्ञान सांगणारा एक प्रसिद्ध निबंध 1968 मध्ये अमेरिकेत गॅरेट हार्डिन यांनी लिहिला. सामायिक कुरण असले की प्रत्येक जण आपले एक जनावर वाढवतो आणि कुरण उजाड होते. तेव्हा मुले जन्माला घालण्याचे स्वातंत्र्यही आवरले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद. हार्डिन धुळे जिल्ह्यात आले असते तर पांझरेकाठी त्यांना फड दिसले असते. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखाली फड. एका फडात सगळ्यांचे एकच पीक. पाणी कमी पडले तर कोणता फड पडीक ठेवायचा हे गाव मिळून ठरवी, आणि पाटकरी ते पाळून घेई. पाटलाला जादा पाळी नाही. तीनशेहून अधिक वर्षे हे चालले. सामायिक साधने लोक कशी सांभाळतात, याच अभ्यासासाठी एलिनॉर ऑस्ट्रम यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. फडावर मुलांची संख्या कोणी विचारली नाही, पाण्याची पाळी विचारली. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने गेल्या तीन दशकांत जंगल पुन्हा उभे केले तेही कुऱ्हाडबंदीचे नियम स्वतः करून आणि मोडणाऱ्याला दंड लावून. त्यासाठी चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली.

म्हणून या अंकाचे मत स्पष्ट लिहितो. किती मुले हवीत हे बाईने ठरवावे. शासनाने दवाखाना, माहिती आणि साधने द्यावीत, नवऱ्याने ऑपरेशन टेबलावर जावे. दोन अपत्यांची अट आंध्र प्रदेशाने 2024 मध्ये काढली. तिथले कारण वेगळे होते, मुले वाढवण्याचे, ते आम्हाला मान्य नाही. पण अट महाराष्ट्रानेही काढावी, आणि ती लादताना दाखवलेली धमक भूजल कायदा राबवण्यात दाखवावी. मते मागायला येणाऱ्याला यंदा अपत्ये विचारू नका, त्याच्या शेतात बोअर किती ते विचारा. आमचे म्हणणे पटले नाही तर पत्र लिहा; पुढच्या अंकात काटछाट न करता छापू.