नियम डोळ्यांना दिसायला हवा

डिस्क गोल्फमध्ये फ्रिस्बीसारखी चकती फेकून साखळ्यांच्या टोपलीत टाकायची असते. पीडीजीए या संघटनेच्या नियमानुसार टोपलीपासून १० मीटरच्या आत फेक केली, तर चकती सुटल्यावरही खेळाडूने आपल्या खुणेच्या मागे तोल सांभाळून दाखवावा लागतो. त्यापलीकडून पुढे झेपावता येते. मात्र चकती सुटताना एक पाय खुणेमागच्या ठरलेल्या जागेत टेकलेला हवा. तोलाचे हे बंधन २० मीटरपर्यंत न्यावे, असा एक प्रस्ताव आहे. मी त्याच्या बाजूने आहे.

चकती आधी सुटली की पाय आधी उचलला, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. क्रिकेटमध्ये पुढच्या पायाचा नो-बॉल पाहायला तिसरा पंच आणि कॅमेरा लागतो. इथे बहुधा पंचच नसतो. सोबतच्या खेळाडूंनीच एकमेकांची चूक सांगायची. खात्री नसताना मित्राला टोकणार कोण? मग सगळे गप्प बसतात आणि नियम पाळणाराच तोट्यात जातो. तोल गेला की नाही, हे मात्र कुणालाही दिसते.

कमी ताकदीच्या खेळाडूंना झेपेमुळे अंतर मिळते, ते हिरावले जाईल, हा आक्षेप खरा आहे. पण स्पर्धांत वय, लिंग आणि कौशल्यानुसार गट असतात. गटातल्या सगळ्यांवर बंधन सारखेच येईल.

खेळाडूंकडून इमानदारीची अपेक्षा जरूर ठेवा. पण इमानदार माणसाला चूक ठामपणे सांगता येईल, असा नियमही त्याच्या हाती द्या.