चोराचं वकीलपत्र

"चोराचं वकीलपत्र घेतलंस म्हणे?" अब्बांनी जेवता जेवता विचारलं. घरात आम्ही दखनी बोलतो, पण अब्बा रागावले की मराठीवर येतात, त्यामुळे प्रश्नाची धार लगेच कळली. मशिदीबाहेर कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. अम्मीनेही भाकरी वाढता वाढता तेच विचारलं, फक्त हळू आवाजात. फुफीच्या घरी काय झालं ते विसरलीस का, म्हणाली.

विसरले नाही. गेल्या वर्षी फुफी लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. चार दिवसांनी परतली तर कोयंडा कापलेला, कपाट उचकटलेलं, पाटल्या आणि गंठण मिळून चार तोळे गेलेले. त्या सोन्यासाठी ती तीस वर्षं शिवणयंत्रावर वाकली होती. अजूनही रात्री दोन-तीनदा उठून ती कडी चाचपते. म्हणून घरफोडीच्या आरोपीबद्दल मी लिहिते तेव्हा ज्याचं घर फुटलं त्याचं दुःख मला ठाऊक नाही, असं कृपया कुणी म्हणू नये.

ज्याचं वकीलपत्र मी घेतलं तो वीस वर्षांचा आहे. भंगाराच्या गोदामात कामाला होता. एकोणिसाव्या वर्षी मोबाईल चोरीचा एक गुन्हा त्याच्या नावावर लागला, तो अजून चालू आहे. तेवढ्यावरून त्याचं नाव पोलिसांच्या यादीत गेलं. मंगळवारी सकाळी त्याला घरातून उचललं. कागदावर अटक दाखवली गुरुवारी संध्याकाळी. शुक्रवारी न्यायालयात उभं केलं आणि शनिवारच्या पेपरात बातमी आली, 'चार घरफोड्या उघडकीस'. सोबत तोंडावर काळा बुरखा घातलेला फोटो. मोहल्ल्यात त्याला चालण्यावरून सगळ्यांनी ओळखलं असतं, बुरख्याने काय होणार!

त्या चारपैकी एक घर माझ्या फुफीचं. ती केस मी घेतली नाही, घेऊही नये. ती विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाकडे गेली. उरलेल्या तीन माझ्याकडे आहेत.

मित्रमैत्रिणींनो, मंगळवार ते गुरुवार या दोन दिवसांकडे नीट पाहा. अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करायचं, हे संविधानाच्या अनुच्छेद २२ मध्येच लिहिलेलं आहे. प्रवासाचा वेळ तेवढा वगळायचा. पण चोवीस तास मोजायचे कधीपासून? घरातून नेल्यापासून. आणि ती वेळ सिद्ध करणारं आमच्याकडे काहीच नव्हतं. त्याची आई चौकीच्या पायरीवर दोन दिवस बसून होती, तिने कुठे काही लिहून दिलं नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तुमच्यापैकी प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. शेजारच्या मुलाला नेलं तर त्याच मिनिटाला पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयाला एक ई-मेल करा: अमुक वाजता, अमुक ठिकाणाहून, अमुक लोकांनी नेलं. भांडू नका, अडवू नका, फक्त वेळ नोंदवा. पुढे सहा महिन्यांनी वकिलाला त्या एका ई-मेलचा जो उपयोग होतो, तो मोर्चाचा होत नाही.

पहिल्या रिमांडला वकील हवाच. गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील देणं ही राज्याची जबाबदारी आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये बिहारच्या कच्च्या कैद्यांच्या खटल्यात म्हटलं. २०१२ मध्ये कसाबच्या अपिलाच्या निकालात तर न्यायालयाने दंडाधिकाऱ्यांवरच कर्तव्य घातलं: आरोपी पहिल्यांदा समोर आला की त्याला वकिलाचा हक्क समजावून सांगायचा, परवडत नसेल तर मोफत वकील द्यायचा. ज्याच्या गुन्ह्याबद्दल देशात कुणाच्याही मनात शंका नव्हती, त्याच्या खटल्यात हे लिहिलं गेलं. मग आमच्या मोहल्ल्यातल्या भंगारवाल्या पोराला वकील मिळाला तर कुणाचं काय जातं? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाचा दाखलासुद्धा लागत नाही. १५१०० हा क्रमांक फोनमध्ये घालून ठेवा.

आता घरफोडीच्या कलमांबद्दल थोडं, कारण खरी लढाई तिथे असते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. घरातल्या चोरीला, म्हणजे कलम ३०५ ला, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. पण चोरीसाठी घर फोडलं असं म्हटलं की कलम ३३१ लागतं: दिवसा असेल तर दहा वर्षांपर्यंत, रात्री असेल तर चौदा. हा फरक कागदी नाही. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात पोलिसांनी सरसकट अटक करू नये, आधी नोटीस द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बजावलं आहे. घरफोडीचं कलम जोडलं की ते संरक्षण हातातून निसटतं. म्हणून आधी विचारायचं, घर 'फुटलं' का? उघड्या दारातून आत गेलेला माणूस चोर असेल, पण कायद्याच्या व्याख्येतली घरफोडी त्याने केलीच असं होत नाही. कुलूप तोडणं, खिडकीतून शिरणं, भिंत फोडणं असं काहीतरी लागतं. दुसरा प्रश्न, रात्र कशावरून? माझी फुफी चार दिवस घरात नव्हती. चोर रात्री आला की दुपारी, हे तिला माहीत नाही, शेजाऱ्यांना माहीत नाही. फिर्यादीत मात्र 'रात्रीच्या वेळी' असं छापल्यासारखं लिहिलेलं आहे.

मग येतो कबुलीजबाब. पोलिसांसमोर दिलेली कबुली पुराव्यात चालत नाही, हा नियम जुना आहे आणि २०२३ च्या साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्येही तो कायम आहे. त्याला एक खिडकी ठेवली आहे. आरोपीने सांगितल्यामुळे एखादी वस्तू सापडली, तर तेवढ्यापुरतं बोलणं ग्राह्य धरलं जातं. घरफोडीचे बहुतेक खटले या खिडकीतूनच आत येतात. आरोपीने निवेदन केलं, दोन पंच आले, सगळे सराफाच्या दुकानात गेले, सराफाने सोन्याची लगड काढून दिली, पंचनामा झाला. आमच्या प्रकरणातही तसंच आहे. उलटतपासणीत मी एवढंच विचारणार आहे की हे पंच याआधी किती पंचनाम्यांवर आहेत, आणि लगड कोणाच्या दागिन्यांची हे ओळखलं कसं.

फुफीला चौकीत बोलावून लगड दाखवली होती. "हे तुमचंच," असं सांगितलं. फुफी म्हणाली, माझ्या पाटल्या होत्या, हा तर तुकडा आहे. वजन भरलं दोन तोळे. तिने सही केली आणि न्यायालयाच्या आदेशाने ते सोनं सुपुर्दनाम्यावर घरी आणलं. मी तिला दोष देत नाही. पण एका रात्री तिनेच मला विचारलं, "बेटी, हे माझंच असेल ना गं?" मी काही बोलले नाही. उरलेले दोन तोळे कुठे आहेत, याचा तपास आता कुणी करत नाही. गुन्हा 'उघडकीस आला' आहे ना.

चुकीचा माणूस आत गेला तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. नाशिक परिसरातल्या २००३ च्या दरोडा आणि खुनाच्या खटल्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये फाशी ठोठावली. त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये सहाही जणांना निर्दोष सोडलं आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. सोळा वर्षं गेली होती. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण संशयाची सवय गेली नाही. पारधी वस्तीवर रात्री पडणारा छापा आणि आपल्या मोहल्ल्यातला छापा यांत मला फार अंतर दिसत नाही. आपण मात्र त्यांच्याबद्दल बोलताना गावासारखंच बोलतो.

आणि इथे मला आपल्या जमातीशी भांडायचं आहे. दहशतवादाच्या आरोपात एखादा मुलगा अडकला की आपण वर्गणी काढतो, मोठे वकील गाठतो, सभा घेतो. ते योग्यच आहे. पण घरफोडीत मुलगा अडकला की दारं बंद होतात. 'बदनामी', 'आपल्या पोरांनी असलं करू नये', 'आई-बापाने वळण लावलं नाही'. २०२२ च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसं होती आणि त्यांतली ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी, म्हणजे गुन्हा शाबीत न झालेली. चोरी, मारामारी, घरफोडी अशाच किरकोळ वाटणाऱ्या आरोपांतली हजारो पोरं त्यात आहेत. त्यांच्यासाठी सभा होत नाही.

"पण त्याने केलं असेल तर?" हा प्रश्न मला रोज ऐकावा लागतो. केलंही असेल. मी त्याला विचारलं, त्याने एक सोडून बाकीची नाकारली. एक सोडून, हे मी मुद्दाम लिहिते. तो फरिश्ता नाही. त्याने एक घर फोडलं असेल तर त्या एकाची शिक्षा भोगावी, चारांची नाही, आणि पुरावा तपासल्यावर भोगावी. निर्दोष असेल तरच मदत करू, असं म्हणणाऱ्यांनी आधी निकालही स्वतःच देऊन टाकलेला असतो.

चारही गुन्ह्यांत आता जामीन मंजूर झाला आहे. एका गुन्ह्यात पोलिसांनी साठ दिवसांत दोषारोपपत्र दिलं नाही, एकसष्टाव्या दिवशी सकाळी मी अर्ज टाकला. उरलेल्यांत गुणवत्तेवर मिळाला. तरी पोरगा तुरुंगातच आहे, कारण प्रत्येक गुन्ह्याला वेगळा जामीनदार मागितला गेला. जुम्म्याच्या नमाजनंतर मी दोन आठवडे जमातीच्या कार्यालयाबाहेर उभी राहिले. ज्यांच्याकडे जमीन आहे, दुकान आहे, त्यांनी सलाम घेतला आणि चप्पल घातली. शेवटी एक निवृत्त गुरुजी पुढे आले. त्यांनी त्या पोराला चौथीत शिकवलं होतं. "गणितात बरा होता," एवढंच म्हणाले.

ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेरा गुन्ह्यांत जामीन मिळूनही जामीनदारांअभावी अडकलेल्या एका आरोपीला तेच जामीनदार अनेक गुन्ह्यांत चालतील अशी मुभा दिली होती. त्या निकालाची प्रत जोडून, गुरुजींचा सातबारा चारही गुन्ह्यांत स्वीकारावा, असे अर्ज आम्ही दोघा वकिलांनी दिले आहेत. मंगळवारी तारीख आहे. काल रात्री अब्बांनी विचारलं, गुरुजींना कोर्टात किती वाजता पोहोचायचंय. अकराला, मी म्हटलं. गुडघ्यांमुळे त्यांना एसटीची पायरी चढवत नाही, अब्बा म्हणाले, दहा वाजता मी त्यांना गाडीवर आणतो.