भाव म्हणजे भाकीत नव्हे!

फुटबॉलची जागतिक स्पर्धा जवळ आली, की आमच्या वृत्तपत्रांना एक चमत्कारिक ज्वर चढतो. मैदानावर चेंडू पडण्यापूर्वीच ‘विजेता कोण?’ या मथळ्याखाली एक चौकट झळकू लागते. अमका देश चारास एक, तमका सहास एक, आणि कोणी बिचारा पाचशेस एक! हे आकडे येतात कोठून? बहुतेक विलायतेच्या सट्टेवाल्यांकडून. तेथे १९६१ च्या मे महिन्यापासून पैजेची दुकाने राजरोस उघडी आहेत. वेधशाळेचा अंदाज छापावा तितक्या गंभीरपणे आमचे संपादक तो भाव छापतात आणि घरोघर चहाबरोबर त्याचे पारायण चालते. या प्रकाराविरुद्ध आम्हांला चार शब्द बोलावयाचे आहेत. ते ऐन सणात बोलतो म्हणून वाचकांनी रागावू नये.

मुळात ‘चारास एक’ याचा अर्थ तरी कोणी सांगतो काय? एक रुपया लावला आणि संघ जिंकला, तर वर चार मिळावयाचे. म्हणजे सट्टेवाला स्वतःच्या तोंडाने सांगतो आहे, की हा संघ पाचांत एकदा जिंकेल आणि चारदा घरी जाईल! छापताना मात्र त्याच संघाला ‘संभाव्य विजेता’ ही बिरुदावली. ज्या मुलाची पास होण्याची आशा रुपयात वीस पैसे, त्याच्या निकालाआधी दाराला तोरण बांधणारा बाप आम्ही अद्याप पाहिलेला नाही.

बरे, ते वीस पैसेही फुगवलेले. दोन तुल्यबळ संघांचा सामना घ्या. दहा कमवावयाचे तर अकरा लावा, असे सट्टेवाला दोन्हीकडच्यांना सांगतो. रामभाऊंनी इकडे अकरा लावले, शामरावांनी तिकडे अकरा. गल्ल्यात बावीस आले. कोणीही जिंको, एकवीस द्यावयाचे आणि एक रुपया खिशात घालावयाचा. चेंडू कोणत्या जाळ्यात गेला याच्याशी त्याला कर्तव्य नाही. पैसा दोन्ही पारड्यांत बेताने पडावा, एवढीच त्याची इच्छा. एकीकडे गर्दी झाली की तो तिकडचा भाव उतरवतो. तेव्हा त्या चौकटीत पहिले नाव असते ते पुष्कळदा लोकांच्या लोभाचे आणि देशप्रेमाचे. २०२४ च्या युरोपीय स्पर्धेआधी सट्टेवाल्यांच्या पाटीवर इंग्लंड अग्रभागी होते. सातही सामने जिंकून चषक नेला स्पेनने.

पण या खात्रीची किंमत कोणी मोजली हे पाहावयाचे, तर १६ जुलै १९५० च्या रिओ शहरात गेले पाहिजे. माराकाना मैदानावर पावणेदोन लाखांच्या वर माणूस लोटला होता. ब्राझीलने स्वीडनला सात, स्पेनला सहा गोल चढवले होते. उरुग्वेशी नुसती बरोबरी झाली तरी विश्वचषक घरात! सामन्याआधीच तेथील एका वृत्तपत्राने ब्राझीलच्या संघाचे छायाचित्र ‘हेच जगज्जेते’ म्हणून छापून टाकले. जागतिक संघटनेचे अध्यक्ष झ्यूल रिमे यांनी अभिनंदनाचे भाषणही पोर्तुगीजमध्ये तयार ठेवले होते. उत्तरार्धाच्या आरंभीच ब्राझीलने गोल केला. मग स्कियाफिनोने बरोबरी साधली आणि ७९ व्या मिनिटाला घिजियाचा फटका गोलरक्षक बार्बोसा आणि खांब यांच्यामधून आत गेला. दोनास एक. ते भाषण खिशातच राहिले.

छायाचित्र छापणाऱ्याला कोणी जाब विचारला नाही. जाब विचारला गेला बार्बोसाला, आणि तो २००० साली वारला तोवर विचारला गेला. दुसऱ्यांनी केलेल्या भाकितासाठी एका माणसाने पन्नास वर्षे शिक्षा भोगावी, हा कुठला न्याय?

पुढचे दाखले किती द्यावे! १९५४ साली साखळीत पश्चिम जर्मनीला आठ गोल घालणारा हंगेरी बर्नला अंतिम सामन्यात त्याच जर्मनीकडून हरला. २००४ साली ग्रीसने, पूर्वी एकाही मोठ्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत सामना न जिंकलेल्या ग्रीसने, युरोपचा चषक उचलला.

‘अहो, गंमत आहे, पाडव्याला तर द्यूतप्रतिपदाच म्हणतात!’ असे आमचे एक स्नेही म्हणतात. म्हणतात खरे, पण पाडव्याच्या सोंगट्यांत वहिनींनी हरलेला रुपया भाऊजींच्या खिशात जातो, घराबाहेर जात नाही. घराबाहेर जाणारा आकडा मुंबईने पाहिला आहे. न्यूयॉर्कच्या कापसाच्या भावावर लावलेल्या आकड्याने गिरणगावात किती चुली विझवल्या, हे तेथल्या आयाबायांना विचारा. आता तोच आकडा फोनमधून मुलाच्या उशाशी आला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने ऑनलाइन पैशाच्या खेळांवर बंदीचा कायदा केला, हे ठीकच झाले. पण कायद्याने दुकान बंद करावे आणि वृत्तपत्राने त्याची पाटी रोज पुसून-लखलखीत करून पहिल्या पानावर टांगावी, याला काय म्हणावे?

संपादक महाशय, ती चौकट काढा. जागा रिकामी राहील ही भीती असेल, तर तेथे बार्बोसाचे चरित्र छापा. मजकूर आम्ही देतो, मानधन नको.