वर्गणीचा खेळ आणि विक्रीचा हिशेब

नागपूरच्या इतवारीत पिढ्यान्‌पिढ्या ठोक व्यापार करणाऱ्या घराण्यांना नगाचा भाव आणि नगाची विक्री हाच हिशेब परिचित आहे. त्याच घरांतील मुले जे व्हिडिओ गेम खेळतात, त्या व्यवसायात मात्र नगाच्या जोडीला मासिक वर्गणी आली आहे. मायक्रोसॉफ्टने 2017 मध्ये ‘गेम पास’ सुरू केला. वाचनालयाप्रमाणे वर्गणी भरावी आणि संग्रहातील हवा तो गेम खेळावा, अशी ही योजना.

तिचा विक्रीवर परिणाम होतो, हे खुद्द मायक्रोसॉफ्टनेच सांगितले आहे. गेम पासमध्ये आल्यानंतरच्या बारा महिन्यांत गेमची मूळ विक्री घटते, असे तिचे निवेदन ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाने 2023 मध्ये नोंदविले. प्रतिस्पर्धी सोनी आपले मोठे नवे गेम पहिल्या दिवसापासून वर्गणीत देत नाही.

लहान निर्मात्याची बाजू निराळी असते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सला ‘राजी’ या गेमसाठी 2017 मध्ये लोकवर्गणीतून भांडवल उभारता आले नाही. तो गेम 2020 मध्ये बाजारात आला आणि जुलै 2021 मध्ये गेम पासमध्ये दाखल झाला. अशा करारांत बहुधा ठरलेली रक्कम मिळते. व्यापारी भाषेत हा ठोक सौदाच. पुढचा किरकोळ नफा काहीसा सोडून जोखीम कमी केली जाते. पहिली विक्री पदरात पडल्यावर तो करणे शहाणपणाचे.

ग्राहकाने मात्र भावाकडे पाहावे. अमेरिकेत गेम पासच्या ‘अल्टिमेट’ श्रेणीची मासिक वर्गणी 2019 मध्ये सुमारे 15 डॉलर होती. ऑक्टोबर 2025 मध्ये ती सुमारे 30 डॉलर झाली. म्हणजे वर्षाला 360 डॉलर. मोठा नवा गेम तेथे साधारण 70 डॉलरला मिळतो. तेवढ्या पैशांत पाच गेम येतात. याहून कमी खेळणाऱ्याला वर्गणी महाग पडते आणि ती थांबताच हाती काही उरत नाही. विकत घेतलेली डिस्क भावंडाला देता येते, पुन्हा विकताही येते.

भारतातील दर वेगळे असले, तरी हिशेबाची रीत हीच. वर्षाच्या वर्गणीला एका गेमच्या किमतीने भागावे आणि मुलाने गतवर्षी खरोखर किती नवे गेम खेळले, ते त्याच्याकडूनच कागदावर मांडून घ्यावे. खात्यातून दरमहा आपोआप रक्कम वळती करण्याची संमती त्यानंतरच द्यावी.