गृहारोग्य : पित्ताशय काढल्यानंतरचा खडा

‘पित्त’ या शब्दाइतका सैलपणें वापरला जाणारा शब्द आपल्या घरांतून क्वचितच सांपडेल. आंबट ढेंकर आली कीं पित्त झालें. अंगावर गांधी उठल्या कीं पित्त उठलें. डोकें दुखूं लागलें कीं पित्त चढलें. आयुर्वेदाच्या त्रिदोषांतील पित्त तें आणखी निराळेंच. या गर्दींत यकृतांत तयार होणारा व अन्नांतील स्निग्धांश पचविण्यास साह्य करणारा जो हिरवट-पिवळा रस, त्याची आठवण कोणासच राहत नाहीं. एरवीं हा शब्दांचा घोटाळा निरुपद्रवी आहे. परंतु ज्या माणसाचें पित्ताशय खड्यांमुळें पूर्वीं काढलेलें आहे, त्याच्या बाबतींत तो जिवावर बेतूं शकतो.

पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया कांहीं नवी नव्हे. बर्लिन येथें कार्ल लांगेनबुख यांनीं ती १८८२ सालीं प्रथम केली. पोट न चिरतां, लहान छिद्रांतून दुर्बीण घालून ती करण्याचा पहिला मान जर्मनींतील एरिक म्यूए यांजकडे जातो. तें साल १९८५. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनीं १९९० सालीं ती करून दाखविली. पुढें ही शस्त्रक्रिया इतकी सुलभ झाली कीं, दोन-चार दिवसांत माणूस घरीं येतो आणि घरचीं माणसें म्हणतात, “मूळच उपटलें, आतां खडा होईल कशाला?” हा समज अपुरा आहे.

यकृत दररोज सुमारें अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतें. पित्ताशय ही त्यांतील थोडें पित्त सांठवून घट्ट करून ठेवणारी लहानशी टाकी होय. टाकी काढली, तरी नळ राहतोच. हा नळ, म्हणजे पित्तनलिका, यकृतापासून निघून लहान आंतड्याच्या आरंभीं, ज्यास ग्रहणी म्हणतात तेथें, उघडतो. त्याच्या मुखाशीं स्नायूचें एक कडें असतें. नलिकेंत खडा आढळण्याचीं कारणें दोन. टाकींतील एखादा खडा शस्त्रक्रियेपूर्वींच नळांत उतरून राहून गेलेला असतो. असे खडे बहुधा दोन वर्षांच्या आंत त्रास देऊं लागतात, क्वचित् पुष्कळ उशिरां. दुसरें असें कीं, नलिका रुंदावली वा तिचें मुख अरुंद झालें, म्हणजे पित्त तुंबतें, त्यांत जंतु वाढतात व तपकिरी, मऊसर खडे नव्यानें तयार होतात. तेव्हां खडा पुन्हा झाला म्हणजे पहिल्या डॉक्टरांनीं हयगयच केली, असा ग्रह करून घेण्याचें कारण नाहीं.

या खड्याचीं लक्षणें ओळखण्यासारखीं आहेत. उजवीकडे बरगड्यांखालीं किंवा पोटाच्या वरच्या भागीं कळ येते, ती पाठींत वा उजव्या खांद्याकडे जाते. लघवी गडद होते, शौचास फिकट होतें, अंगास खाज सुटते, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसूं लागतो. यास थंडी वाजून येणाऱ्या तापाची जोड मिळाली, म्हणजे तुंबलेल्या पित्तांत जंतूंचा प्रादुर्भाव झाला असें समजावें. कळ, कावीळ व ताप या त्रयीचें महत्त्व फ्रेंच डॉक्टर शार्को यांनीं १८७७ सालींच सांगून ठेविलें आहे. तिन्ही लक्षणें एकदमच दिसतील असें मात्र नाहीं. वृद्ध माणसांत नुसता ताप व ग्लानि असूं शकते. अशा वेळीं दिवसांचा नव्हे, तासांचा हिशेब करावयाचा असतो. विष रक्तांत भिनलें कीं रक्तदाब उतरतो, शुद्ध हरपते आणि प्राण धोक्यांत येतो.

हे मोलाचे तास घरांतच वायां जातात. काविळीसाठीं गळ्यांत माळ घालणें, चुन्याच्या पाण्यांत हात धुऊन ती ‘उतरविणें’, हे प्रकार आपल्या प्रांतांत अजून नाहींसे झालेले नाहींत. शिकलेल्या घरांतही मुतखड्यासाठीं ऐकलेलें कुळथाचें कढण किंवा पानफुटीचा रस याही खड्यावर दिला जातो. मुतखडा मूत्रमार्गांतला, हा पित्तमार्गांतला. दोहोंचे घटक निराळे, वाटा निराळ्या. काढ्यानें हा मार्ग मोकळा होत नाहीं. यांत अधिक सोसतात त्या स्त्रिया. पित्ताचे खडे त्यांच्यांत अधिक. आणि ‘गौरी-गणपति उरकूं द्या, मग पाहूं,’ असें म्हणून दुखणें अंगावर काढण्याची संवयही त्यांनाच अधिक.

लोणावळ्यास स्वामी कुवलयानंदांनीं १९२४ सालीं कैवल्यधाम स्थापन केलें. योगक्रियांच्या वेळीं शरीराच्या आंत काय घडतें, तें क्ष-किरणांनीं प्रत्यक्ष पाहावें, असा त्यांचा आग्रह होता. आधीं पाहावें, मग बोलावें, ही दृष्टि येथेंही हवी. रक्ततपासणीनें पित्त तुंबल्याचें कळतें. सोनोग्राफीनें नलिका रुंदावली आहे कीं नाहीं तें समजतें. मात्र नलिकेचा खालचा भाग आंतड्यांतील वायूमुळें झांकला जातो. म्हणून सोनोग्राफींत खडा दिसला नाहीं, एवढ्यावरून तो नाहींच असें म्हणतां येत नाहीं. संशय उरल्यास एम. आर. सी. पी. ही चुंबकीय तपासणी उपयोगी पडते.

खडा निश्चित झाल्यावर पोट चिरावें लागेल, या भीतीनें पुष्कळजण मागें हटतात. त्या भीतीस आतां बहुधा कारण उरलेलें नाहीं. १९७४ सालीं जर्मनींत क्लासेन व डेमलिंग यांनीं आणि जपानांत कावाई यांनीं जो मार्ग दाखविला, तो तोंडावाटें जातो. गुंगीचें औषध देऊन, बाजूस पाहणारी लवचीक दुर्बीण जठरांतून ग्रहणींत नेतात. नलिकेच्या मुखांतून बारीक नळी घालून क्ष-किरणांत दिसणारें द्रव्य सोडतात, त्यांत खड्यांची आकृति उमटते. मग मुखाशीं असलेलें कडें विजेच्या तारेनें थोडें कापून, लहानशा फुग्यानें किंवा तारेच्या जाळीनें खडा ओढून आंतड्यांत सोडतात. तो शौचावाटें निघून जातो. यासच ई. आर. सी. पी. म्हणतात. मोठा खडा आधीं फोडावा लागतो. या मार्गानें न साधल्यास, पोटास लहान छिद्रें पाडून दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनें नलिका उघडतां येते.

हा उपाय अगदींच निर्धोक आहे असें नव्हे. शंभरांत सुमारें तीन ते दहा जणांच्या स्वादुपिंडास त्यानंतर सूज येते. रक्तस्राव होणें किंवा आंतड्यास छिद्र पडणें त्याहून विरळ. घरीं आल्यावर पोट दुखूं लागलें, ताप आला वा शौचास काळें झालें, तर त्याच दिवशीं डॉक्टरांना गांठावें. कधीं कधीं नलिकेंत प्लास्टिकची बारीक नळी, म्हणजे स्टेंट, ठेवतात. ती कायमची नसते. सामान्यतः तीन महिन्यांच्या सुमारास काढावी वा बदलावी लागते. कळ थांबली, कावीळ उतरली, कीं तिचा विसर पडतो. मग तीच तुंबते आणि तिच्याभोंवतीं नवा खडा जमतो! भिंतीवरील दिनदर्शिकेंत लग्नमुंजीच्या तिथी आपण लिहून ठेवतों; तेथेंच ही तारीखही लिहावी. कडें कापल्यावरही कांहींजणांना पुन्हा खडे होतात, हेंही ध्यानांत असावें.

लोणावळ्याहून पुणें रेल्वेनें ६४ किलोमीटर. पवन मावळ किंवा आंदर मावळ यांतील गांवांतून निघणाऱ्यास हमरस्ता गांठण्यास आणखी वेळ लागतो, आणि पावसाळ्यांतील रविवारीं वर्षाविहाराच्या गर्दींत लोणावळ्याजवळ रस्ता तुंबतो. ही दुर्बीण व ती चालविणारे हात प्रत्येक रुग्णालयांत नसतात. म्हणून ही सोय जवळ कोठें आहे, तें आपल्या डॉक्टरांना आधींच विचारून ठेवावें. वेळ आल्यास १०८ क्रमांकावरून रुग्णवाहिका मागवावी. पित्ताशय कोणत्या सालीं काढलें, पोटाची दुसरी शस्त्रक्रिया झाली आहे काय, रक्त पातळ करणारें औषध चालू आहे काय, याचे कागद एका पाकिटांत असावेत.

आणि पुढच्या वेळीं घरांतील कोणी ‘पित्त झालें’ म्हणेल, तेव्हां त्याचें पित्ताशय काढलेलें आहे काय, हें प्रथम आठवावें. असल्यास दुखतें कोठें तें विचारावें, ताप पाहावा, लघवीचा व डोळ्यांचा रंग पाहावा; आणि मगच मोरावळ्याची बरणी खालीं काढावी.