ह्यूस्टन जहाजमार्गावरील वाहतूक सुरक्षा

ह्यूस्टन जहाजमार्ग हा अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील ह्यूस्टन बंदराला मेक्सिकोच्या आखाताशी जोडणारा, सुमारे ८४ किलोमीटर लांबीचा खोदलेला जलमार्ग आहे. तो १९१४ मध्ये खुला झाला. खोदकामाच्या खर्चातील निम्मा वाटा स्थानिक मतदारांनी मंजूर केलेल्या कर्जरोख्यांतून उभा राहिला होता.

गॅल्व्हेस्टन उपसागरात हा मार्ग दीर्घकाळ केवळ ५३० फूट रुंद होता. समोरासमोर येणारी मोठी जहाजे एकमेकांच्या रोखाने चालत राहून अगदी जवळ आल्यावर उजवीकडे वळतात. मार्च २०१४ मध्ये टेक्सास सिटीजवळ एक मालवाहू जहाज व तेलवाहू बार्ज यांची टक्कर झाली. तेलगळतीमुळे वाहतूक काही दिवस ठप्प झाली.

सुरक्षेची जबाबदारी विभागलेली आहे. वाहतुकीवर तटरक्षक दल लक्ष ठेवते. पायलटांचे नियमन बंदर आयोग करतो. त्याचे सदस्य मुख्यत्वे शहर व काउंटी प्रशासन नेमतात. लोन स्टार बंदर सुरक्षा समितीत उद्योग, पायलट व शासकीय यंत्रणा स्वेच्छेने एकत्र येतात.

या सहकार्याची मर्यादा २०१९ मध्ये दिसली. अतिविशाल कंटेनर जहाजांमुळे दुतर्फा वाहतूक खोळंबेल, अशी भीती तेल व रसायन उद्योगांनी व्यक्त केली. हा वाद राज्य विधिमंडळापर्यंत गेला आणि अशा जहाजांच्या ये-जा करण्यावर कायद्याने निर्बंध आले. २०२२ मध्ये मार्ग ७०० फुटांपर्यंत रुंद करण्याचे काम सुरू झाले. मात्र रुंदीबरोबर जहाजांचा आकारही वाढत राहिल्यास सुरक्षेसाठी मिळालेली मोकळी जागा पुन्हा आक्रसेल. म्हणून जहाजांच्या आकारमर्यादेवरील सहमतीही रुंदीकरणाइतकीच महत्त्वाची ठरते.