शाळा कोणासाठी बांधावी?

घर बांधावयाचे ठरले म्हणजे माणसे आधी आपल्या रोजच्या राहणीचा विचार करतात. चूल कोठे मांडावी, धान्य कोठे साठवावे, पाहुण्याला कोठे बसवावे, हे ठरल्यावरच पाया खणला जातो. शाळा बांधताना मात्र पुष्कळदा एकच प्रश्न विचारला जातो : बाके किती मावतील? मग एका ओळीत सारख्या खोल्या उभ्या राहतात. त्यांत बसून ऐकता येते, लिहिता येते. परंतु माती तपासावयाची किंवा चौघांनी मिळून एखादे यंत्र जुळवावयाचे म्हटले, तर जागा नसते.

मुलांनो, माध्यमिक शाळेची इमारत हातांच्या कामासाठीही बांधली पाहिजे, असे माझे मत आहे. पुणे जिल्ह्यातील पाबळ गावी डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रमाची स्थापना केली. तेथे कार्यशाळा आणि शेत हेच वर्ग. विद्यार्थी लोखंड जोडतात, माती व पाणी तपासतात, घुमटाकार घरेही उभारतात. मोजमाप चुकले, तर घुमटाचे सांधे जुळत नाहीत. भूमिती कशासाठी शिकावी, हे मग निराळे सांगावे लागत नाही.

शाळा जशी कामाची, तशीच ती गावाचीही असावी. इंग्लंडमधील केंब्रिजशायर परगण्यात हेन्री मॉरिस या शिक्षणाधिकाऱ्यांच्या प्रयत्नाने १९३० साली सॉस्टन येथे पहिले ग्रामविद्यालय उघडले. दिवसा तेथे मुले शिकत आणि सायंकाळी त्याच वास्तूत प्रौढ मंडळी जमत.

कोणी म्हणेल, "शाळा सर्वांस मोकळी केली, तर वस्तू मोडतील, चोरीस जातील." ही भीती अगदीच खोटी नाही, पण तिच्यावरील उपाय आराखड्यातच आहे. ग्रंथालय, सभागृह व कार्यशाळा रस्त्याच्या बाजूस असावीत आणि त्यांना स्वतंत्र दार असावे. वर्ग आतल्या अंगास असावेत. म्हणजे सायंकाळी वर्गांना कुलूप लावूनही गावासाठी दार उघडे ठेवता येईल. देखरेखीला माणूस लागेल, खर्चही येईल. त्याचा काही भार गावाने उचलावा. गावात वाचावयास पुस्तक नाही आणि शाळेतील पुस्तके मात्र कुलपात आहेत, यापेक्षा मोठे नुकसान कोणते?

ज्या गावाला शाळा आपली वाटते, ते गाव तिचे छप्पर गळू लागताच स्वतः शिडी घेऊन येते. म्हणून तुमच्या गावात नवी शाळा बांधावयाची झाली, तर बाके मोजण्याआधी विचारा : येथे कोण कोण येणार आणि काय काय करणार?